दिवेलागणीचं ऊन

१

सोमवारी सकाळी मानपाड्याच्या एका शेडमध्ये, मिठाच्या पाण्याच्या टाकीत केबल मेलेली सापडली. ‘मेलेली’ हा शब्द माझा नाही, राकेश साळव्याचा. वर्षभर त्या टाकीची राखण त्याने केली होती, त्यामुळे त्याला तो शोभतो.

केबल साधीसुधी नव्हती. समुद्राच्या तळावरून एका देशाची वीज दुसऱ्या देशात नेणारी. ओमानच्या किनाऱ्यापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत अशी केबल टाकायची बोलणी चालली होती. बोलणीच, अजून समुद्रात काही पडलं नव्हतं. तिचा नमुन्याचा तुकडा भोईरांच्या कारखान्यात बनला होता आणि खाऱ्या पाण्यात, विजेच्या दाबाखाली वर्षभर परीक्षा देत बसला होता. परीक्षा संपत आली असताना तुकडा गेला. त्याच्या अंगावर एक बारीक भोक होतं आणि टाकीच्या तळाशी एक दाभण पडलेलं होतं.

हे आम्हाला कळलं मंगळवारी, राकेशची आई केशरबाई आमच्या टेबलापाशी येऊन बसली तेव्हा.

आमचं टेबल म्हणजे ठाकुर्लीच्या वाचनालयामागच्या खोलीतलं वीजग्राहकांचं टेबल. लोक तिथे फुगलेली बिलं घेऊन येतात. टेबलाच्या एका बाजूला शकूताई रणपिसे बसतात, दुसऱ्या बाजूला मी. शकूताईंनी आयुष्य सरकारी विद्युत निरीक्षक म्हणून काढलं. कुठे शॉक लागून माणूस गेला, कुठे कारखाना जळला की दोष कुणाचा हे ठरवायचं त्यांचं काम. मी सलिल, भूगोलाचा निवृत्त मास्तर. मी अर्ज लिहितो आणि चहा सांगतो.

“शकूताई, जयभीम,” केशरबाई म्हणाली आणि रडायलाच लागली. “माझ्या पोराला पोलिसात देणार ओ उद्या. म्हणतात, त्यानेच भोसकली वायर.”

शकूताईंनी तिला पाणी दिलं. सांत्वन वगैरे त्यांना जमत नाही.

“का म्हणून त्यानेच?”

“चावी त्याच्याकडे. शनिवारी दुपारी शेवटचा तोच निघाला. आणि त्याला गुजरातला दुसऱ्या कंपनीत नोकरी लागतेय ना, तर म्हणतात, जाता जाता कोणीतरी करायला लावलं.” तिने डोळे पुसले. “पोलिसात नाव गेलं की झालं. मग ही नोकरी नाही आणि ती पण नाही. कसली मेली ती वायर! आम्हाला काय उपयोग तिचा?”

हा प्रश्न विचारायला नको होता. शकूताई खुर्चीत सरसावून बसल्या. ठाण्याच्या प्रत्येक जनसुनावणीत त्यांनी हा विषय लावून धरलाय.

“उपयोग तुलाच आहे. संध्याकाळी तू काय करतेस? दिवे लावतेस, मिक्सर लावतेस, टीव्ही लावतेस. सोसायटीचा पंप सुरू होतो, वरच्याचा एसी सुरू होतो. सगळं गाव एकदम वीज मागतं, आणि नेमका तेव्हाच सूर्य बुडालेला असतो. मग मिळेल तिथून महागाची वीज आणतात आणि ती तुझ्या बिलात येते. ओमान आपल्या पश्चिमेला. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे अजून ऊन असतं. ते ऊन तारेतून इकडे आलं तर आपली संध्याकाळ स्वस्त. आणि आपल्याकडे दुपारी सूर्याची वीज उतू जाते, कधी कधी घ्यायला कोणी नसतं, ती तिकडे जाईल. इथलं एखादं वीजकेंद्र बंद पडलं तर ते सांभाळतील, त्यांचं पडलं तर आपण. समजलं?”

“समजलं,” केशरबाई म्हणाली. तिला काडीचंही समजलं नसावं. “पण माझा राकेश?”

शकूताईंनी पर्स उचलली. “केबल चांगली पाहिजे, नाहीतर समुद्रातली दुरुस्तीसुद्धा ग्राहकाच्याच बोडक्यावर बसते. चला सलिल सर, मानपाड्याला.”

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, कोणाला नको असेल ही केबल?”

“मला आधी हे बघायचंय की तिला मारलं की ती मेली,” शकूताई म्हणाल्या.

२

शेड भोईरांच्या जमिनीवर होती, मागे त्यांचंच घर. राघो भोईरांनी शेती सोडून तारा बनवायचा कारखाना काढला, आणि राघोशेठ गेल्यावर तो त्यांचा नातू हर्षित चालवतो. हर्षित तिशी-बत्तिशीचा, नम्र मुलगा. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि ताक मागवलं.

“ताई, तुम्ही आमच्या बाजूने सुनावणीत बोलता, मला माहितीये. मला पण राकेशचं वाईट वाटतं. पण केबल घेणाऱ्या खरेदीदारांचा नियम आहे. घातपात झाला असेल तर पोलीस तक्रार जोडा, मग नवीन तुकडा लावून परीक्षा परत देता येते. तक्रार नाही केली तर केबल नापास. संपलं सगळं.”

“तुम्ही कुठे होता शनिवारी?”

“मस्कतला. खरेदीदारांची मीटिंग होती. मी रविवारी रात्री आलो.”

“केबलला वीज देणारं यंत्र बंद पडलं की मेसेज जातो ना कुठेतरी?”

“माझ्या फोनवर. पण मीटिंगांमध्ये मेसेजचा ढीग होता हो. मी तो बघितला रविवारी, एअरपोर्टवर.”

“फाटकावर कॅमेरा आहे.”

“बिघडलाय,” हर्षित ओशाळून म्हणाला. कॅमेरे अशा वेळी बिघडलेलेच असतात, त्यात मला काही संशयास्पद वाटलं नाही.

चाचणीविभागाच्या प्रमुख रचना कर्णिक आम्हाला टाकीकडे घेऊन गेल्या. बाई हुशार, कोलशेतच्या एका उंच इमारतीत एकट्या राहणाऱ्या. ही केबल त्यांच्याच डोक्यातून निघालेली. डोळे सुजलेले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

तुकडा पाण्याबाहेर दोन लाकडी घोड्यांवर ठेवला होता, मनगटापेक्षा जाड. आत तांबं, त्यावर पांढऱ्या प्लास्टिकचं जाड आवरण आणि त्यावर काळं साल. समुद्रात टाकताना वरून पोलादी तारांचं चिलखत चढवतात, ते या तुकड्याला नव्हतं, म्हणून दाभण आत जाऊ शकलं. मध्यावर दोन तुकडे जोडल्याचा फुगीर सांधा होता. भोक सांध्यापासून वीतभर दूर.

शकूताईंनी पर्समधून भिंग काढलं आणि भोकावर डोळा लावला. बराच वेळ गेला. मग दाभण मागवून त्याचं टोक पाहिलं आणि माझ्या हातात दिलं.

“काय दिसतं, सर?”

“दाभण,” मी म्हटलं. “टोकदार आहे.”

“अगदी बरोबर. टोकदार आहे.” आणि त्या रचनाबाईंकडे वळल्या. “चालू केबलमध्ये हे खुपसलं असतं तर?”

“खुपसणारा तिथेच गेला असता.”

“आणि बंद करून खुपसलं, मग परत चालू केली?”

“तर वीज त्या भोकातूनच फुटली असती.” रचनाबाईंचा आवाज खाली गेला. “ठिणगी पडली असती.”

“भोकाच्या कडा जळल्या असत्या. काळ्या, वितळलेल्या. मी आयुष्यभर जळकी भोकंच बघितली आहेत बाई. हे भोक स्वच्छ आहे. या भोकातून वीज कधी गेलेलीच नाही. म्हणजे केबल आधी मेली आणि तिला नंतर भोसकलं.”

मी दाभण खाली ठेवलं.

“हे तुम्हाला दिसलं नाही?” शकूताईंनी विचारलं. “तुमच्यासारख्या बाईला?”

रचनाबाई टाकीच्या काठाला धरून उभ्या राहिल्या. “मला ते सोमवारीच दिसलं होतं,” त्या म्हणाल्या.

३

मला वाटलं, झालं, सापडला गुन्हेगार. केबल नापास झाली तर रचनाबाईंची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्यांनी दाभण खुपसलं, घातपाताचा देखावा केला आणि राकेशला अडकू दिलं. मी तसं म्हणणार होतो, पण शकूताईंनी हाताने थांबवलं.

“सोमवारी दिसलं, मग बोलला का नाही?”

“जीभ वळली नाही. माझी केबल स्वतःहून हरली, हे म्हणायला.” त्यांनी सांध्यावर हात ठेवला. “हा सांधा मला परत करायचा होता. घाईत झाला होता. मी हर्षितला म्हटलं होतं, त्याने वेळ नाही म्हणून उडवून लावलं. सोमवारी भोक बघितलं आणि मला… खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, कोणीतरी केलंय, म्हणजे सांधा चांगला होता. मग कडा बघितल्या. आणि गप्प बसले.”

“राकेशला पोलिसात देणार आहेत.”

“मला माहितीये,” त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदम येऊ शकतात हे त्या दिवशी कळलं.

“शनिवारी संध्याकाळी कुठे होता?”

“घरी. एकटी. साक्षीदार कोणी नाही.”

राकेश बाहेर पायरीवर बसला होता. कामावरून काढलं नव्हतं, पण आतही घेत नव्हते. आम्हाला बघून उठला.

“मावशी, आईशप्पथ, मी दुपारीच गेलेलो. मशीन चालू होती, सगळं ओके होतं. डोंबिवलीला मित्राचं लग्न होतं, तिकडे गेलेलो. पण दुपार ते लग्न मध्ये घरी झोपलेलो ना, त्याला कोण साक्षीदार? डोक्याला शॉट झालाय नुसता.”

“दाभण कोणाचं?”

“तुळसाआजींचं. मिठाच्या पोत्याचं तोंड त्या शिवून ठेवतात, दाभण तिथेच खोचलेलं असतं. टाकीत मीठ कमी झालं की त्यांच्याकडून घ्यायचं. पोत्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही.”

तुळसाआजी म्हणजे हर्षितची आजी. ती आतल्या कोठारात मिठाच्या पोत्यांशेजारी पाटावर बसली होती. माहेर कोलशेतचं. बापाची खाडीवर मिठागरं होती, ती कधीच बुजली. नातवाचा एवढा कारखाना असून ही रोज सकाळी येऊन पोत्यांपाशी बसते. केबलला मीठ लागतं म्हटल्यावर, मीठ माझ्याच हातचं, असा तिचा हट्ट.

“दाबन माजं हाय, पन मी नव्हतू ना बाय हितं,” ती शकूताईंना म्हणाली. “शनवारी दुपारशी कोलशेतला जेलू, माज्या भावाच्या नातीच्या हलदीला. रातभर नाच चालू. आक्क्या गावानं बगितलं माना.”

तिच्यामागे भिंतीवर एकवीरा आईची तसबीर होती आणि पुढे फळीवर पितळी दिवा. शकूताई दिव्याकडे बघत होत्या.

“हा रोज लावता?”

“रोज. सांज झाली का दिवा लावाचा, मंगच घरा जावाचा. राघोशेटनी शेड बांदली तवापासना. आयतवारीपन येतू.” मग तिचा चेहरा उतरला. “ह्या शनवारी-आयतवारी तेवरा रायला. हलदीत जीव लागं ना माजा. तेल घालून, कोरी वात ठेवून जेलेली, का सोमवारी आल्यावर लावीन. पन सोमवारी येतंय तं काय? वात जलून राख, तेल संपलेला. मी बोल्लू, राकेशनी लावला आसंल. पोर चांगला हाय तो. तो नय करनार आसं काय.”

शकूताईंनी दारातून हाक मारली. “राकेश, शनिवारी दिवा तू लावलास?”

“मी? नाही मावशी. आजींचा देव, आजींचा दिवा. आमच्या घरी बाबासाहेबांसमोर मेणबत्ती असते, मला ती वात बीत वळता पण येत नाही. आणि दुपारी कोण दिवा लावतं?”

शकूताई टाकीकडे गेल्या आणि तोच प्रश्न रचनाबाईंना विचारला.

“दिवा?” रचनाबाई गोंधळल्या. “कुठला दिवा?”

इतकी वर्षं त्या कोठारावरून जात होत्या आणि त्यांना तो दिसलाच नव्हता. शकूताई पहिल्यांदाच हसल्या.

“सर, गुन्हा करून पळायची घाई असलेला माणूस. बंद शेड, तिन्हीसांजेची वेळ. आणि तो उभा राहून देवीपुढे दिवा लावतो. असा चोर तुम्ही कधी बघितला आहे?”

४

आम्ही तुळसाआजीपाशी परत बसलो. शकूताईंनी आता केबलचा विषयच काढला नाही. हळदीला काय जेवण होतं, नवरा मुलगा काय करतो, असं विचारत बसल्या. मला कंटाळा आला. आजी मात्र खुलली.

“हर्षितची आठवन झाली ना माना, म्हनून भाचीला बोल्लू, लाव गो त्याला फोन, तोंड बगाचा. लावला तिनी. परदेशात हाय तरी उचलला बाबानं. माज्या फोनाला नय बोलला नय तो कदी.”

“केव्हा लावलात?”

“आमी हलदीच्या मांडवात दिवा लावला ना, त्याच येलंला. मीच त्याला बोल्लू, आरं, शेडमदला दिवा रायला रं आज, एकवीरा आय अंदारान बसली. तो बोल्ला, आज्जे, काय नय होत.” आजी हसली. “मंग मी बोल्लू, तुजा परदेश तरी दाव. तं त्यानी फोन असा खिडकीकरं फिरवला. भायेर अंदार, आन् दिवंच दिवं, लायनीत. बोल्ला, बंदर हाय, आगबोटी हायेत. मी आक्क्या मांडवाला दावला.”

शकूताई पाटाकडे सरकल्या. मग त्यांनी आजीचा हात हातात घेऊन क्षणभर दाबला आणि उठल्या. अशी जवळीक त्या कुणाशी करत नाहीत, म्हणून मी चमकलो.

बाहेर आल्यावर त्या सरळ शेडच्या मागच्या खिडकीशी गेल्या. खिडकीतून मागच्या मोठ्या कारखान्याची भिंत दिसत होती. भिंतीवर एका ओळीत दिवे बसवलेले. दिवसा ते विझलेले होते.

“सर, तुम्ही किती वर्षं भूगोल शिकवलात?”

“निवृत्त होईपर्यंत. का?”

“मग मला सांगा, कोलशेतच्या मांडवात दिवा लागला तेव्हा मस्कतच्या खिडकीबाहेर काय असेल?”

फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून हेच तर मी पोरांना जन्मभर शिकवत आलो. पूर्वेकडे आधी मावळतं, पश्चिमेकडे नंतर. शकूताईंनी सकाळीच केशरबाईला हेच सांगितलं होतं आणि मी शेजारी बसून ऐकलं होतं.

“ऊन,” मी म्हटलं.

“ऊन,” शकूताई म्हणाल्या. “चला. संध्याकाळ व्हायला आली. सगळ्यांना आत बोलवा. आजींना पण.”

“आजींना कशाला? त्यांना नको.”

“त्यांनाच पाहिजे,” शकूताई म्हणाल्या. त्यांना ते आवडत नव्हतं, हे मला दिसत होतं.

५

टाकीभोवती आम्ही सगळे उभे होतो. राकेशच्या बाजूला केशरबाई, ती न बोलावता आली होती. हर्षितच्या हातात तक्रारीचा कागद होता. तुळसाआजीला खुर्ची दिली होती.

“रचनाबाई, सांधा कापा,” शकूताई म्हणाल्या.

“पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही,” हर्षित म्हणाला.

“कापा.”

रचनाबाईंनी हर्षितकडे बघितलं नाही. त्यांनी चाकू घेतला आणि सांध्यावरचं काळं साल सोलायला सुरुवात केली. काप सरळ जात होता. साल निघालं. खालच्या पांढऱ्या थरावर, सांध्याच्या कडेला, एक जळका काळा ठिपका होता आणि त्यातून आत तांब्यापर्यंत काळी रेघ गेली होती.

“इथून फुटली,” रचनाबाई मोठ्याने म्हणाल्या. “माझ्या सांध्यातून. कोणी मारली नाही. आपण ती घाईत बनवली.”

केशरबाईने राकेशचा दंड धरला.

“आता भोकाचं,” शकूताई म्हणाल्या. “शनिवारी दुपारनंतर सांधा फुटला आणि यंत्र आपोआप बंद पडलं. मेसेज गेला. तो एकाच फोनवर जातो. ज्याला मेसेज मिळाला त्याला कळलं की केबल नापास झाली. तो इथे आला. विजेचा धोका उरला नव्हता. पोत्यातलं दाभण काढलं, खुपसलं आणि टाकीत टाकलं. म्हणजे नापास केबलचा घातपात झाला आणि परीक्षा परत देता आली.”

“मी मस्कतला होतो,” हर्षित म्हणाला. आवाज शांत होता. “आजीला विचारा. तिने व्हिडिओवर बघितलंय.”

“व्हय, बगितलंय मी,” आजी म्हणाली.

“काय बघितलंत आजी?”

“अंदार. आन् दिवं.”

“तुमच्या मांडवात नुकताच दिवा लागला होता. त्या वेळी तिकडे अंधार नसतो, आजी. तिकडे अजून ऊन असतं. त्या उन्हासाठीच तर ही केबल टाकायची आहे.” शकूताई हर्षितकडे वळल्या. “तू स्वतः सुनावणीत हे सांगितलंस, बाळा. मी तुझ्या शेजारी बसले होते. खिडकीबाहेरचे ते दिवे या मागच्या भिंतीवरचे आहेत. जरा वेळाने लागतील, तेव्हा आजींना दाखवू.”

हर्षितने कपाळ पुसलं. “नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. आधीचा व्हिडिओ… हे बघा, पुरावा काय? शेडमध्ये कोणी आलं असेल. रचना मॅडम आल्या असतील. राकेशकडे चावी आहे.”

“राकेश आजींच्या दिव्याला हात लावत नाही. मॅडमना दिवा आहे हेच माहीत नव्हतं.”

“कसला दिवा?” हर्षित म्हणाला आणि थांबला.

आजी खुर्चीतून उठली. तिला कोणी आधार दिला नाही, तिने मागितला नाही. ती नातवासमोर येऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा बराच उंच होता, तिला मान वर करावी लागली.

“मी तुला फोनावर बोल्लू, दिवा रायला. आन् सोमवारी वात जललेली. दिवा कोनी लावला रं?”

हर्षितने कोठाराच्या दाराकडे बघितलं.

“दाबनाचं माना नको सांगू. वायरीचं नको सांगू. माना त्यातला नय कलत. दिव्याचं सांग. एकवीरा आयसमोर कोन उबा होता?”

मी जवळून बघत होतो. दाभण तो नाकारू शकला असता. मस्कत, मेसेज, खिडकी, सगळं नाकारू शकला असता, आणि वकिलाने बाकीचं बघून घेतलं असतं. पण तो दिवा दुसऱ्या कोणी लावला, हे त्या म्हातारीच्या तोंडावर त्याला म्हणता येईना.

“मी, आज्जी,” तो म्हणाला.

मग भराभरा बोलला. मीटिंग आधीच संपली होती, तो शनिवारी दुपारीच उतरला. विमानतळावरच मेसेज बघितला, सरळ शेडमध्ये आला. तोपर्यंत मनात काही नव्हतं. टाकीपाशी तासभर बसून राहिला. मग दाभण दिसलं. भोसकून झालं आणि तेवढ्यात आजीचा फोन आला. “न उचलून कसं चाललं असतं? तू घाबरली असतीस. आणि तू दिव्याचं बोललीस… मी समोरच उभा होतो, आज्जी. म्हटलं, एवढं तरी करू.”

“राकेशचं नाव का घेतलंस?” केशरबाईने विचारलं.

“मी घेतलं नाही. लोकांनी घेतलं.”

“तू थांबवलं नाहीस.”

“नाही,” हर्षित म्हणाला. त्याने हातातला कागद फाडला, दोनदा, चारदा, आणि तुकडे कुठे टाकावे ते न कळून मुठीत धरून ठेवले. “राकेश, सॉरी रे. मी लिहून देतो काय पाहिजे ते. खरेदीदारांना पण कळवतो, केबल नापास झाली म्हणून.”

“लिहून द्या, सर,” राकेश म्हणाला. “मला गुजरातला दाखवायला लागेल. मी जातोय.”

त्यावर कोणी त्याला थांब म्हणालं नाही. रचनाबाईंनी नुसता त्याचा हात हातात घेतला आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या.

शकूताईंना मी विचारलं, “मग केबलचं काय?”

“परत बनवतील. सांधा नीट करतील, परत वर्षभर पाण्यात ठेवतील. हे बनवतील किंवा दुसरं कोणी. ग्राहकाला घाई नाही.” त्या पर्स खांद्याला लावत होत्या. ही केबल व्हावी म्हणून त्या किती सुनावण्यांना उभ्या राहिल्या ते मला ठाऊक होतं. त्यांचं तोंड कडू झालेलं दिसत होतं.

बाहेर अंधारून आलं होतं. मागच्या कारखान्याच्या भिंतीवरचे दिवे एकदम लागले, ओळीत. तुळसाआजीने खिडकीतून ते बघितले, पुष्कळ वेळ. मग कोठारात गेली. तिने दिव्यात तेल घातलं, वात वळून ठेवली आणि काडेपेटी हर्षितपुढे धरली.

“लाव,” ती म्हणाली. “आज सगल्यांच्या देकत लाव.”

पहिली काडी त्याच्या हातात विझली. दुसरीही विझली. आम्ही सगळे दारात उभे राहून बघत होतो आणि मस्कतला तेव्हा अजून ऊन होतं.